चिक्की, दाढ आणि तीन हजार वर्षं

दात तुटला तर काय एवढं, कॅप बसवून टाकू... तुम्हालाही असंच वाटतं? मलाही वाटायचं. पण कॅप कशाची? सिमेंट कसलं? आणि मुळात ही वेळ येतेच का? एका तुटक्या दाढेनं मला बरंच काही शिकवलं. त्याचीच ही गोष्ट.

खट्ट!

आवाज बारीकसाच होता, पण थेट डोक्यात वाजला. शुक्रवारची संध्याकाळ. येरवड्यातलं आमचं ऑफिस. कुणीतरी लोणावळ्याहून आणलेली शेंगदाण्याची चिक्की टीममध्ये फिरत होती. मी दुसरा तुकडा तोंडात टाकला आणि वाटलं, चिक्कीत खडा आला. जिभेनं चाचपून पाहिलं. खडा कसला, माझ्याच खालच्या डाव्या दाढेचा कोपरा होता तो!

आता खरं सांगते. ही दाढ काही अचानक तुटली नव्हती. वर्षभर बिचारी नोटिसा पाठवत होती. गार पाणी प्यायलं की कळ, गोड खाल्लं की कळ. आणि मी काय केलं? उजव्या बाजूनं चावायला लागले! रिलीज आहे, अप्रेझल आहे, मैत्रिणींची लग्नं आहेत... दाताला वेळ कुठून काढणार? गाडीची सर्व्हिसिंग वेळेवर, केसांचा स्पा वेळेवर. दाढ मात्र कायम वेटिंग लिस्टवर.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डेंटिस्ट मॅडमकडे गेले. लहानपणापासून त्या मला ओळखतात, त्यामुळे बोलणी बसणार हे ठरलेलंच होतं. त्यांनी एक्स-रे काढला, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "कीड आतपर्यंत गेलीय बघ, नसेपर्यंत. पण मुळं चांगली आहेत, हाडही चांगलं आहे. रूट कॅनाल करून कॅप बसवू या, किंवा काढून टाकू या. दोन दिवस विचार कर आणि सांग."

खर्च ऐकला. जवळजवळ माझ्या मैत्रिणीच्या फ्लॅटच्या एका महिन्याच्या भाड्याएवढा. मी गप्प.

घरी आले. बाबांना सांगितलं. टीव्हीवरून नजर न हलवता ते म्हणाले, "काढून टाक. कटकट नको."

बाबांचा स्टीलचा डबा

बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले. आता वय अडुसष्ट. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांना कवळी लागली. एक दाढ दुखली, काढली. दुसरी दुखली, काढली. प्रत्येक वेळी रजा, प्रत्येक वेळी पैसे. घरात दोन मुलांच्या फिया. काढून टाकणं सगळ्यात स्वस्त पडायचं. दात एकेक करत गेले आणि कवळी आली.

आम्हाला ती कवळी माहीत आहे ती स्टीलच्या छोट्या डब्यातली. रात्री पाण्यात, सकाळी तोंडात. पण त्या रात्री जेवताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. बाबा भाकरी आमटीत कुस्करून खातात. काकडीची कोशिंबीर घेत नाहीत. पावसाळ्यात आम्ही सगळे भाजलेलं कणीस खातो आणि बाबा म्हणतात, "मला नाही आवडत." वीस वर्षं आम्ही ते खरं मानलं होतं! त्यांच्या जुन्या फोटोत तर ते बंडगार्डनला हातात कणीस धरून उभे आहेत.

मग मी वाचायला लागले. (टेस्टिंगमधली पोरगी आहे बॉस, बग कुठून आला ते शोधल्याशिवाय झोप लागत नाही.)

आपण दाढेनं पूर्ण जोर लावला तर पन्नास-साठ किलोच्या आसपासचा दाब सहज पडतो. कवळीवाल्याला त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा जमतो, कित्येकदा त्याहून कमी. कारण कवळी हाडात रुतलेली नसते, हिरडीवर नुसती टेकलेली असते. शिवाय दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाडही हळूहळू झिजतं, खालच्या जबड्यात तर जास्तच. म्हणजे कवळी तीच राहते, पण खालची जमीन सरकते. म्हणूनच बाबांची खालची कवळी बोलताना टकटक वाजते.

गुलाबी कवळी ज्या अॅक्रिलिकची बनते त्याचं पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. दंतवैद्यकात ते आलं १९३७ च्या सुमारास. त्याआधी साधारण ऐंशी वर्षं कवळ्या गंधक घालून कडक केलेल्या गडद रबराच्या असायच्या! अॅक्रिलिकची पावडर आणि द्रव मिसळून कणकेसारखा गोळा करतात, प्लास्टरच्या साच्यात दाबतात आणि पाण्यात तापवतात. यात ट्रिक अशी, की हा द्रव साधारण १०० अंशांनाच उकळतो. घाईघाईत आच वाढवली तर आत बुडबुडे होतात आणि कवळी कमकुवत बनते. अगदी आपल्या इडलीसारखं उलटं गणित. इडलीला जाळी हवी, कवळीला नको!

आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांतले कवळीवरचे प्रयोग वाचताना 'डीपीआय' हे नाव सारखं भेटतं. हा मुंबईच्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा ब्रँड. ब्रह्मदेशातल्या सागवानाच्या व्यापारासाठी १८६३ मध्ये सुरू झालेली कंपनी, आणि तिच्या नावावर देशभरातल्या आजी-आजोबांच्या कवळ्या! अॅक्रिलिकचे दोन जुने आजार आहेत. हातातून पडली की कवळी तडकते आणि नीट घासली नाही तर तिच्यावर बुरशी वाढते. म्हणून संशोधक त्यात कधी काचेचे तंतू घालून बघतात, कधी झिर्कोनियाचे किंवा चांदीचे अतिसूक्ष्म कण. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडत नाही ना, यावर सगळी लढाई.

शेजारचे तीन हजार वर्षांचे दात

रूट कॅनालच्या निर्णयासाठी मागून घेतलेल्या दोन दिवसांत मला शाळेतली एक मैत्रीण भेटली. ती डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्व शिकलेली. मी गाल धरून बसलेली बघून म्हणाली, "चल, तुला दात दाखवते."

डेक्कन कॉलेज म्हणजे डेक्कन जिमखान्यावर असं अजूनही कितीतरी पुणेकरांना वाटतं. ते आहे आमच्या येरवड्यात! संस्थेचं मूळ १८२१ चं, येरवड्यातली ती दगडी इमारत १८६० च्या दशकातली. मी रोज तिच्यावरून गाडी दामटत जाते, पण आत कधी गेले नव्हते.

या कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खणलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इसवी सन पूर्व १६०० ते ७०० या काळातलं हे शेतकऱ्यांचं गाव. तिथले लोक मेलेल्या बाळांना मातीच्या दोन घटांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. घराबाहेर नाही. घरातच. हे ऐकून मी दाढ विसरले.

त्या बाळांचं हाड नाजूक, पण दुधाचे दात टिकले. त्यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाच यांनी केला. दुधाच्या सुळ्यांवर कधीकधी छोटे खड्डे दिसतात. बाळाच्या जन्माच्या आसपास उपासमार, आजार किंवा असाच काही ताण पडला, तर दातावरचं इनॅमल त्या जागी नीट बनत नाही. आणि एकदा बनायचं राहिलं की राहिलंच. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून जातात. त्यामुळे त्वचा भरून येते, हाड जुळतं, पण इनॅमल पुन्हा येत नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाळाचे वाईट दिवस आजही त्याच्या दातावर वाचता येतात.

मी मैत्रिणीला विचारलं, "मातीत तीन हजार वर्षं टिकले आणि माझा तिशीही गाठू शकला नाही?"

ती हसली. "मातीत साखर नसते गं."

पॉइंट आहे! इनॅमल वजनानं शेकडा ९६ टक्के खनिज असतं, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल बनवतात आणि साधारण साडेपाचच्या खाली पीएच गेला की हे कठीण कवच विरघळायला लागतं. लुकाच यांनी भारतीय उपखंडातल्या जुन्या दातांवरून हेही दाखवलं, की शेती आली तशी किडलेल्या दातांची संख्या वाढली आणि बायकांमध्ये ती जास्त वाढली. म्हणजे मी एकटी नाही, फार जुनी परंपरा आहे!

आणि कीड कोरून काढण्याची परंपरा? तीही जुनी. बलुचिस्तानातल्या मेहरगढला नऊ माणसांच्या अकरा दाढांना भोकं पाडलेली सापडली. काळ आजपासून ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीचा. 'नेचर' या नियतकालिकात २००६ मध्ये ते छापून आलं. मणी कोरणाऱ्यांकडे असायची तशी गारगोटीची टोकं वापरून, जिवंत माणसाच्या तोंडात! नंतर ते लोक त्याच दाढेनं जेवत राहिले, हे झिजेवरून कळतं. त्या भोकांत काही भरलं होतं का, याचा पुरावा उरला नाही. पण स्लोव्हेनियातल्या ६,५०० वर्षांपूर्वीच्या एका दातात मधमाश्यांचं मेण भरलेलं सापडलं आहे. भूल नाही, एसी नाही, वेटिंग रूममधली मासिकं नाहीत. आणि मी एका इंजेक्शनला घाबरत होते!

एक मात्र मनात पक्कं बसलं. हजारो वर्षं माणूस आपल्याच दाताची नक्कल करायला धडपडतोय. आणि अजून जमलेली नाही. मग ओरिजिनल असताना ते काढून का टाकायचं? मी मॅडमना मेसेज केला : 'दाढ वाचवू या.'

चांदी गेली, निळा दिवा आला

रूट कॅनालच्या तीन सिटिंग्ज झाल्या. नाही दुखलं हो! खरंच. खुर्चीत आ वासून पडल्यावर बोलता येत नाही, म्हणून मी सगळे प्रश्न आधीच लिहून नेले होते.

पहिला प्रश्न चांदीचा. आईच्या दाढेत 'चांदी' भरलेली आहे. ती निव्वळ चांदी नसते. वजनानं जवळपास निम्मा असतो पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. शंभर वर्षांहून जास्त काळ दाढा भरायला हे मिश्रण वापरलं गेलं, कारण ते स्वस्त आणि दणकट. पण पाऱ्याचा पर्यावरणाला त्रास. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून ते बंद केलं आणि पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये २०३४ पर्यंत ते थांबवायचं ठरवलं. "मग आईची काढून टाकू?" मी विचारलं. "घट्ट बसलीय ना? मग हात लावू नको," मॅडम म्हणाल्या. "उगाच कोरताना चांगला दात जातो आणि पाऱ्याची वाफही तेव्हाच जास्त उडते."

दुसरा प्रश्न दाताच्या रंगाच्या सिमेंटचा, म्हणजे कंपोझिटचा. याची गोष्ट तर भारीच आहे. दात ओला, गुळगुळीत. त्याला काही चिकटणार कसं? अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी पाहिलं, की कारखान्यात धातूला रंग नीट धरावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. त्यांनी तेच दातावर करून बघितलं. साल १९५५. आम्लानं इनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात आणि पातळ रेझिन त्यात शिरून घट्ट बसतं.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी टीव्ही म्यूट केला. "म्हणजे आपलं फॉस्फेटिंग!" ते म्हणाले. "रंगाआधी पत्र्याला करायचो आम्ही. दातालाही तेच?" पुढची वीस मिनिटं मला पृष्ठभाग कसा तयार करतात यावर लेक्चर मिळालं. दात या विषयावर बाबा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते.

१९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या नव्या रेझिनचं पेटंट आलं आणि आजच्या कंपोझिटचा पाया घातला गेला. रेझिनमध्ये काचेची पूड, वर निळा प्रकाश, की काही सेकंदांत दगड. पण घट्ट होताना ते शेकडा दोन-तीन टक्के आकसतं. एकदम गोळा भरला तर कडेला फट राहू शकते. म्हणून डॉक्टर साधारण दोन-दोन मिलिमीटरचे थर देतात. तेव्हा डेंटिस्ट 'अजून एकदा लाईट मारते' म्हणाली, तर घड्याळ बघू नका.

तिसरा भिडू ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये तो जगासमोर मांडला. तो दाताला स्वतःहून रासायनिक रीतीनं चिकटतो आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतो. ताकद कमी, म्हणून जास्त दाब पडतो तिथे सहसा नको. लहान मुलांच्या दातांना मात्र बेस्ट.

कॅपचं मेनू कार्ड

रूट कॅनाल केलेली दाढ आतून पोकळ होते. चावताना चिरू शकते. म्हणून तिला टोपी हवी. पर्याय तीन.

नुसत्या धातूची कॅप: दणकट, स्वस्त, दात कमी घासावा लागतो. पण हसलं की चमकणार.

धातूवर पोर्सिलेन: १९६० च्या दशकात ही जोडी जमली. तापून गार होताना दोघं जवळपास सारखंच आकसले पाहिजेत, नाहीतर पोर्सिलेनला तडा. त्यासाठी मिश्रधातू खास शोधावे लागले. वर्षांनी हिरडी खाली सरली की कडेला काळी रेघ दिसू शकते.

झिर्कोनिया: हल्ली सगळ्यांच्या तोंडी. (आणि तोंडात!) आपण अमेरिकन डायमंडचे कानातले घालतो ना, त्याचाच हा भाऊ. गंमत त्याच्या आत आहे. चीर पडायला लागली की तिच्या टोकाशी असलेले कण रचना बदलतात, शेकडा तीन-चार टक्क्यांनी फुगतात आणि चिरेला दाबून धरतात! सिरॅमिक असून लढतो पोलादासारखा. लॅबमध्ये अर्धवट भाजलेल्या चकतीतून मशीन ही कॅप मुद्दाम वीस-पंचवीस टक्के मोठी कोरतं, कारण १,५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजल्यावर ती आकसून बरोब्बर मापाची होते.

मग प्रश्नच मिटला? नाही. झिर्कोनिया इनॅमलच्या दुपटीहून जास्त ताठ असतो. नीट पॉलिश केला नसेल तर समोरचा दात झिजवतो. आपल्या दाताची करामत अशी, की वर कडक इनॅमल आणि खाली जरा लवचिक डेंटिन. दाब दोघांत वाटला जातो. शिवाय दात हाडाला थेट चिकटलेला नसतो, मध्ये तंतूंची बारीक गादी असते. भातातला खडा कळतो तो तिच्यामुळे. एवढं सगळं एका पदार्थात अजून कुणाला बसवता आलेलं नाही.

मी झिर्कोनिया घेतला. माझी दाढ मागची, जबडा आवळायची सवय, बजेट कसंबसं जुळलं. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

आणि बाबा?

कॅप बसली त्या दिवशी बाबांना बरोबर घेऊन गेले. "मला काय दाखवायचंय? दात तरी आहेत का?" हे रस्ताभर चालू होतं. मॅडमनी कवळी हातात घेतली आणि विचारलं, "काका, वीस वर्षांत ही बदलली नाही?"

"तुटली नाही तर कशाला बदलायची?" बाबा म्हणाले. फॅक्टरीतला माणूस.

मॅडमनी त्यांना इम्प्लांटबद्दलही सांगितलं. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटेनियम निघता निघेना, इतकं हाड त्याला धरून बसलं. तिथून हे शास्त्र सुरू झालं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसले. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर असं मत दिलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी ही पहिली निवड असावी. दोन खुंट्या फक्त, पण कवळी हलत नाही.

बाबांना शुगर आहे. तपासण्या करायच्या आहेत, हाड किती उरलंय ते बघायचंय. तोवर नवीन मापाची कवळी करायचं ठरलं. परत येताना मी विचारलं, "बाबा, कणीस खरंच आवडत नाही का हो?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सिग्नलला म्हणाले, "आधी कवळी तर होऊ दे."

दोन दिवसांत मी 'काढून टाका' म्हणाले असते, तर कदाचित वीस वर्षांनी हेच वाक्य माझ्या तोंडी असतं. बाबांना तेव्हा निवड करायला परवडलं नाही. मला परवडत होतं आणि तरी मी वर्षभर नुसती उजव्या बाजूनं चावत बसले होते.

चिक्की? खाते ना. पण आता चोखून!

खुर्चीत बसण्याआधी एवढं विचाराच

- दात वाचू शकतो का? काढायचा असेल तर का?
- भरताय ते काय आहे? कंपोझिट, ग्लास आयोनोमर की आणखी काही? आणि माझ्या दाताला तेच का?
- कॅप कशाची? वॉरंटी कार्ड असेल तर मागून घ्या. तुमच्या तोंडात काय आहे, हे पुढच्या डॉक्टरलाही कळतं.
- कॅपखालच्या दाताला कडेनं कीड लागू शकते. म्हणून ब्रश आणि फ्लॉस चालूच.
- कवळी रात्री काढून ठेवा, रोज ब्रशनं घासा. उकळत्या पाण्यात टाकू नका, तिचा आकार बिघडतो.
- घरात कुणाची कवळी जुनी आहे का? सैल झाली असेल तर दाखवून घ्या. आणि एकदा विचारा, 'हे आवडत नाही की चावता येत नाही?'